इंजिन डिझेल किती पितं? लिटर, ग्रॅम आणि युनिटचा हिशोब
(आमच्या जनरेटरवाल्या आणि ट्रॉलरवाल्या ग्राहकांसाठी)

आमच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तासाला किती लिटर जातं?" आम्ही उलट विचारतो, तासाला काम किती घेता? रिकामं फिरणारं इंजिन तासाला कमीच पिणार. म्हणून ते चांगलं ठरत नाही.

मागे एक ट्रॉलरमालक दोन कॅटलॉग घेऊन आले. एकात खप १६५ ग्रॅम, दुसऱ्यात २१५. त्यांनी १६५ वाल्याचा ॲडव्हान्स द्यायचं ठरवूनही टाकलं होतं. बारीक अक्षरं वाचली, तर १६५ हा आकडा हॉर्सपॉवर-तासाचा आणि २१५ किलोवॅट-तासाचा निघाला. एक मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे ०.७३५५ किलोवॅट. १६५ ला ०.७३५५ ने भागा, २२४ येतात. म्हणजे कमी पिणारं वाटलं तेच इंजिन तेवढ्याच कामाला ९ ग्रॅम जास्त मागत होतं. (ब्रिटिश हॉर्सपॉवर ०.७४५७ किलोवॅटचा. त्याने भागलं तर २२१ येतात. निकाल तोच.) बाहेरून आलेल्या जुन्या मरीन इंजिनांच्या पुस्तकात पौंड प्रति हॉर्सपॉवर-तास लिहिलेलं असतं, त्याला ६०८ ने गुणा. ०.३६ चे झाले किलोवॅट-तासाला २१९ ग्रॅम. गॅलन दिसला तर आधी कुठला ते विचारा: अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा.

किलोवॅट-तास म्हणजे काही वेगळं नाही, विजेच्या बिलातलं युनिटच. एक युनिट = ३.६ मेगाज्यूल = ८६० किलोकॅलरी.

लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, आणि किलोमागे उष्णता सुमारे ४२.६ मेगाज्यूल, जुन्या भाषेत १०,२०० किलोकॅलरी. गुणाकार केला की लिटरमागे ३५ मेगाज्यूलच्या वर, म्हणजे ९.८ युनिट. डोक्यात ठेवायला दहा धरा. या दहातली तीन-साडेतीन वीज होऊन बाहेर आली तर लहान जनरेटरची तब्येत बरी समजायची. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जातात, त्याला इलाज नाही. कोणी लिटरला सहा युनिटं देतो म्हणाला, तर त्याच्याकडे चहा प्यावा आणि परत यावं.

कॅटलॉगात डिझेलच्या उष्णतेचा आकडा किलोला ४५ मेगाज्यूलच्या वर दिसला तर गोंधळू नका. तो 'ग्रॉस' आकडा असतो, त्यात धुरातल्या वाफेची उष्णताही धरलेली असते. ती इंजिनाच्या कामाची नाही. आपण 'नेट' आकडाच वापरायचा.

घरच्या घरी मोजणी

टाकी गळ्यापर्यंत भरा, खडूने खूण करा, मीटरचं रीडिंग लिहा. नेहमीचा लोड टाकून तासभर चालवा. मग मापाच्या भांड्याने खुणेपर्यंत परत भरा. समजा ३.९ लिटर बसलं आणि मीटर ११ युनिट फिरला. ११ भागिले ३.९ म्हणजे लिटरला २.८ युनिट. ग्रॅममध्ये ३.९ गुणिले ८३० भागिले ११, म्हणजे युनिटला २९४. हा आकडा थेट इंजिनाच्या कॅटलॉगशी ताडू नका. मधे अल्टरनेटर बसलाय, तो दहा-बारा टक्के खातो. २९४ ला ०.८८ ने गुणलं की इंजिनाचा स्वतःचा खप २५९ येतो, आणि तो पुष्कळ चालवलेल्या लहान इंजिनाला वाईट नाही. खूण आणि भरणी मात्र एकाच वेळच्या गारव्यात करा. डिझेल १५ अंश तापलं की सव्वा टक्क्याने फुगतं, मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या टाकीत एवढं सहज होतं.

लाईट गेल्यावर दोन पंखे आणि एक फ्रीज चालवायला २५ केव्हीएचा (म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने २० किलोवॅटचा) सेट लावणारे शॅकवाले (किनाऱ्यावरचे खानावळवाले) आम्हाला भेटतात. तिथे इंजिनात दोष नसतो. बरंचसं डिझेल त्याला स्वतःला फिरवण्यातच जातं. नोझल (डिझेल फवारणारी तोटी) बदलून तो खर्च कमी होणार नाही, लहान सेट घ्या.

तांडेलांसाठी (बोट चालवणाऱ्यांसाठी)

१२० हॉर्सपॉवरचं इंजिन, खप हॉर्सपॉवर-तासाला १६५ ग्रॅम, पूर्ण ताकदीवर: तासाला १९.८ किलो, म्हणजे २४ लिटर. आता आरपीएम १८०० वरून १४४० वर आणा, म्हणजे ८० टक्के. बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. ०.८ तीनदा गुणा, ०.५१ येतात. निम्मी ताकद, तासाला बारा-एक लिटर. दहा तासांची वाट साडेबारा तासांची होईल खरी, पण २४० लिटरच्या जागी १५० च्या आसपास लागतील. मालीमच्या मासेमारी जेटीवर बाजार गाठायची घाई असते हे आम्हाला कळतं. निदान जाताना, जाळं टाकायच्या आधी, थ्रॉटल खाली घ्या.

स्कूटरवाल्यांचंही दोन ओळीत: पेट्रोल लिटरला सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉल २१. त्यामुळे वीस टक्के मिसळीत दहा टक्क्यांच्या मिसळीपेक्षा साडेतीन टक्के उष्णता कमी पडते. ॲव्हरेज ४५ चं ४३ झालं म्हणून कार्ब्युरेटर उघडायला आणू नका. ३५ झालं तर आणा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटींची इंजिनं आमच्याकडे येतात. येण्याआधी, मे महिन्यात, पाण्यावरच वरच्यासारखी एक मोजणी करा. मीटर नसला तरी आरपीएम, तास आणि लिटर वहीत लिहा. नेमप्लेटचा फोटो काढा. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला त्याच आरपीएमवर पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल, तर वही घेऊन या. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) पुन्हा करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.