पळणाऱ्या संशयितावर पोलिसांचा गोळीबार : कायदा, वाद आणि खान्देश

पोलिसांना बघून पळणाऱ्या संशयिताला थांबवायला, त्याचा जीव जाईल असा गोळीबार करता येतो का, हा जुना वाद आहे आणि तो जगभर चालतो. खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारमधे मात्र तो जास्त तापतो, कारण इथला नकाशाच पळणाऱ्याच्या सोयीचा आहे. वर सातपुडा आणि मध्य प्रदेश, पश्चिमेला नवापूर ओलांडलं की गुजरात, आणि मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे शिरपूरकडून निघालेली गाडी पळासनेर पार करून बघता बघता दुसऱ्या राज्यात जाते. मग गावात एकच वाक्य ऐकू येतं, 'चोर पयी ग्या' (चोर पळून गेला), आणि त्याच्या मागोमाग दुसरं, की पोलिसांनी गोळी का नाही घातली.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ (आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६) पोलिसांना सांगतं की अटक टाळणाऱ्याला पकडायला लागेल ते सगळं करा, पण ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा हक्क या कलमातून मिळत नाही. म्हणजे मंगळसूत्र ओढून पळणारा, मोटारसायकल चोरणारा, गुटख्याची गाडी सोडून शेतात घुसणारा, यांच्यावर जीवघेणी गोळी फक्त 'पळाला' म्हणून चालवता येत नाही, विषय संपला. मंगळसूत्र ओढण्याला भारतीय न्याय संहितेच्या (आधीचा आयपीसी) कलम ३०४ खाली जास्तीत जास्त ३ वर्षं आहेत, आणि अटकेला विरोध करणं किंवा कोठडीतून पळणं याला कलम २६२ खाली जास्तीत जास्त २. ज्या कृत्याला कोर्ट २ वर्षं देणार त्याला रस्त्यावर मृत्यू द्यायचा, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

पण कलम ४३ मधेच एक विचित्र रेघ आहे. चौघांनी मिळून, कुणाला इजा न करता, रस्त्यावर लुटलं तर ती जबरी चोरी, तिला १० वर्षं, आणि सूर्यास्तानंतर महामार्गावर असेल तर १४ पर्यंत. तेच पाच जण असले की दरोडा होतो, आणि दरोड्याला जन्मठेप होऊ शकते. म्हणजे अंधारात पळणाऱ्यांची संख्या चार की पाच, यावर कलम ४३ ची मनाई लागू होते की नाही ते ठरतं, आणि धावता धावता हवालदाराने ती मोजायची. शिवाय मनाई नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही, हे बरेच जण विसरतात, तिथंही 'याशिवाय दुसरा इलाजच नव्हता' हे दाखवावं लागतंच.

दुसरा आधार स्वसंरक्षणाचा. तो पोलिसाला इतर कुठल्याही नागरिकाइतकाच आहे, पण जिवाचा धोका असेपर्यंतच. समोरच्याने कट्टा रोखला असेल तर गोळी चालवणं समजू शकतं, तोच कट्टा फेकून पाठ करून धावायला लागला की तो आधार बहुतेक वेळा तिथंच संपतो. म्हणून पोस्टमॉर्टेममधे गोळी छातीतून शिरली की पाठीतून, आणि किती अंतरावरून, यावर अख्खी केस उभी राहते किंवा पडते.

पोलिसांची बाजू हलकी समजू नये. सातपुड्याच्या पायथ्याला मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाकडून येणारे गावठी कट्टे ही चोपडा भागातली नेहमीची डोकेदुखी आहे, रात्रीच्या गस्तीला एका गाडीत मोजकी माणसं, बऱ्याचदा हातात काठीच, आणि समोरच्याकडे काय आहे ते तो वळेपर्यंत कळत नाही. आज सोडलेला उद्या कुणाचा जीव घेईल ही भीती खरी असते, आणि त्याने नुकताच कुणावर तरी वार केलेला असेल, हत्यार हातात असेल, तो पुढच्या वस्तीकडेच निघाला असेल तर गोळी चालवण्याच्या बाजूने मीही आहे. पण तेव्हा कारण त्याचं पळणं नसतं, पुढच्या माणसाचा जीव हे असतं.

आता प्रत्यक्ष जागा बघा. रावेर-यावलकडे संशयित पळाला की जातो केळीच्या बागेत. भर बागेत पानं अशी एकमेकांत गुंतलेली असतात की चार-पाच ओळींच्या पुढे माणूस दिसत नाही, खाली ठिबकच्या नळ्या पायात अडकतात, पाणी सोडलेलं असलं तर चिखल, आणि बॅटरीचा उजेड पानांवरच अडतो. तिथं धावणाऱ्याच्या 'पायावर' गोळी मारा म्हणणाऱ्याने एकदा रात्री बागेत उभं राहून बघावं. नेम सावलीवर धरायचा, आणि त्याच बागेच्या पलीकडे पाणी द्यायला आलेला सालदार उभा असू शकतो.

आणि पळणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो हे गृहीतच चुकीचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारखे समाज जन्मापासूनच संशयित ठरवले, कायदा १९५२ ला गेला तरी चोरी झाली की पहिली गाडी अजूनही त्यांच्याच पालावर जाते, तिथला पोरगा खाकी बघून पळतो तो मार आठवून. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या ५ जणांना ठेचून मारलं, ती निव्वळ अफवा होती. अशा मुलखात अनोळखी माणूस चार लोक अंगावर येताना बघून धावत सुटला तर त्यात नवल काय?

इतिहासातलं एक उदाहरण इथलंच आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी सातपुड्यातल्या भिल्लांवर सैन्य घातलं, भिल्ल डोंगरात शिरायचे, परत यायचे, मोहिमा चालूच राहिल्या. शेवटी १८२५ ला माफी, जमीन आणि नोकरीचं धोरण आलं आणि जेम्स आउट्रमच्या हाताखाली खान्देश भिल्ल पलटण उभी राहिली, तिचं ठाणं धरणगावला होतं. इंग्रजांचा त्यात स्वार्थच होता हे उघड आहे, पण बंदुकीने जे साधलं नाही ते पगाराने बरंचसं साधलं.

अमेरिकेत हा प्रश्न एका पोरावरून सुप्रीम कोर्टात गेला. १९७४ ला मेम्फिसमधे १५ वर्षांचा एडवर्ड गार्नर घरफोडी करून कुंपणावर चढत होता, त्याच्याकडे हत्यार नाही असं पोलिसाला जवळपास खात्रीने वाटत होतं, तरी निसटेल म्हणून त्याने गोळी घातली. पोराकडे सापडले १० डॉलर आणि एक पर्स. १९८५ ला कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ठरवलं की पळणाऱ्यापासून पोलिसाला किंवा इतरांना गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. जुन्या इंग्लंडात जवळपास प्रत्येक मोठ्या गुन्ह्याला फाशीच होती, म्हणून तेव्हा पळणाऱ्याला मारणं चालून जायचं, तो आधारच आता उरला नाही हेही कोर्टाने सांगितलं.

आपल्याकडे 'पळत होता' हे बऱ्याचदा एन्काउंटरच्या कागदावरचं कारण असतं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी हत्यारं हिसकावून पळताना मारले गेले असं पोलीस म्हणाले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आणि २०२२ मधे निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने गोळीबार जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूने झाला असा निष्कर्ष दिला. फुलं उधळणाऱ्यांचा राग मला कळतो, तारखांवर तारखा पडतात आणि पीडितेचे आईबाप कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण त्यावर उपाय म्हणून तपास, पुरावा, न्यायाधीश सगळं एका शिपायाच्या बोटावर सोपवलं तर उद्या चुकीचा माणूस पडल्यावर दाद कुणाकडे मागणार?

जीव न घेता पकडायचे मार्ग आहेत आणि ते रोज वापरलेही जातात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ पोलिसाला संशयिताचा पाठलाग देशभर करू देतं, म्हणजे पळासनेर ओलांडलं की हद्द संपली हे खरं नाही. नाकाबंदी, टोलनाक्याचे कॅमेरे, मोबाइलचं लोकेशन, खबरी, नातेवाईक, यातूनच एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) बहुतेक फरार माणसं उचलून आणते, फक्त त्याला दोन दिवस किंवा दोन महिने लागतात.

गोळीबारात कुणी मेलंच तर पुढे काय, हे सुप्रीम कोर्टाने २३ सप्टेंबर २०१४ ला पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात १६ मुद्द्यांत घालून दिलंय. एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीत करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, पोलिसांनी हत्यारं तपासाला जमा करायची, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. यातलं काही पाळलं गेलं नाही असं मृताच्या घरच्यांना वाटलं तर ते थेट त्या हद्दीच्या सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करू शकतात, म्हणजे शहाद्याच्या किंवा यावलच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.