कात की कलेवर?

सापाची कात पापुद्र्यासारखी असते, त्यामुळे तिला मेलेला साप कुणी समजत नाही. ट्रायलोबाइटचं तसं नाही. सुमारे ५२ ते २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या या प्राण्याचं कवच कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचं होतं. वाढताना त्याने टाकलेलं कवच असो की मेल्यावर उरलेलं, दगडात दोन्ही सारखीच टणक दिसतात. शिवाय एकेका प्राण्याने आयुष्यात कितीतरी काती टाकल्या आणि मेला मात्र एकदाच. म्हणून सापडलेल्या प्रत्येक जीवाश्माला मेलेला प्राणी म्हणणं मला घाईचं वाटतं.

खरी खूण डोक्यावर आहे. बहुतेक ट्रायलोबाइटांच्या डोक्यावर डोळ्यांना लागून जाणाऱ्या शिवणी असत. कात टाकताना त्या उसवत, दोन्ही गाल सुटे होत आणि समोर झालेल्या फटीतून प्राणी पुढे सरकत बाहेर पडे. त्यामुळे सलग धडाजवळ सुटे किंवा उलटे पडलेले गाल दिसले, तर ती बहुधा कात.

फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या डोक्यावरच्या शिवणी मात्र जुळून गेलेल्या होत्या. तो अख्खं डोकंच धडापासून सोडवायचा. त्याच्या जीवाश्मात धड सरळ पडलेलं असतं आणि डोकं त्याच्यापुढे पालथं. हे पहिल्यांदा पाहिलं की एखाद्या शिकाऱ्याने मुंडकं उडवलं असावं असंच वाटतं! पण तीच मांडणी नमुन्यामागून नमुन्यात दिसते. लाटांनी किंवा मृतभक्षकांनी केलेली मोडतोड इतकी एकसारखी नसते.

कलेवरात गाल जागच्या जागी असतात. अंगाची गोळी करून बसलेला ट्रायलोबाइट तर जवळपास नक्कीच कलेवर, कारण अंग आवळायला आत स्नायू लागतात. न्यूयॉर्क राज्यात सापडलेल्या ट्रायार्थ्रस या ट्रायलोबाइटचे पाय आणि मिशांसारखे अवयवसुद्धा पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात टिकले आहेत. रिकाम्या कवचात हे कुठून येणार?

आजही अशी फसगत होते. ओडिशाच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचं कवच दिसलं, तर त्याची पुढची कड न्याहाळा. तिथे लांबट चीर असेल तर प्राणी मेलेला नाही, तिथून निघून गेला आहे.

कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध खडकात मात्र मरेला नावाच्या ट्रायलोबाइटच्या दूरच्या नातलगाचा असा एक नमुना मिळाला, ज्यात जुन्या कातीतून अर्धवट बाहेर आलेला जीव अजून मऊ, वाकलेल्या काट्यांसह तसाच गाडला गेला. त्या एकाच दगडात कातही आहे आणि कलेवरही.