अल्झायमरमधील झोपेचे विकार आणि वर्तनलक्षणे

अल्झायमर म्हटले की विसरणे आठवते. रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसाला विचारले तर तो आधी रात्रींबद्दल बोलतो. रात्री दोन वाजता उठून कपाट उपसणे, कडी काढून बाहेर पडणे, स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' असा हट्ट धरणे, चोरीचा आळ घेणे, अंगावर धावून जाणे, भास होणे, एकच प्रश्न पन्नासदा विचारणे ही सारी या आजाराची वर्तनलक्षणे. आजाराच्या वाटचालीत बहुतेक रुग्णांत त्यांतले काही ना काही दिसतेच. सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे औदासीन्य, म्हणजे कशातच रस न उरणे. पण त्यात आरडाओरड नसते, म्हणून त्याची तक्रारही कमी होते.

ही लक्षणे आजाराला नंतर चिकटलेली नाहीत. ज्यांचे नाव या आजाराला मिळाले त्या जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथे ज्या स्त्रीची हकीकत मांडली, ती ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. तिचे पहिले ठळक लक्षण होते नवऱ्याविषयीचा संशय. पुढे ती वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, आपल्याला कोणी मारायला टपले आहे असे वाटून ओरडू लागली. रुग्णालयात ती आपले अंथरूण ओढत फिरे.

झोप बिघडण्याचे मूळ मेंदूतच आहे. अधश्चेतक या भागातील पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ चालवतो. अल्झायमरमध्ये त्यातील पेशी घटतात आणि मेलाटोनिन या संप्रेरकाची रात्रीची लाटही ओसरते. गाढ झोप कमी होते, जाग वारंवार येते, दिवसा डुलक्या वाढतात. आजार पुढे सरकला की झोपेचे चोवीस तासांत तुकडे विखुरतात. घराबाहेर न पडणाऱ्या, मोतीबिंदू झालेल्या वृद्धाच्या डोळ्यांत उजेडच कमी जातो, त्यामुळे आधीच ढिले झालेले घड्याळ आणखी भरकटते. झोप आणि आजार यांचा संबंध दुहेरी असावा असे मानतात. जागेपणी मेंदूतील बीटा-अमिलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) वाढते आणि झोपेत घटते, हे २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. यावरून 'झोप कमी म्हणजे अल्झायमर होणारच' असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

दिवस कलला की अस्वस्थता वाढते, याला 'सनडाउनिंग' म्हणतात. याची कारणे अजून पुरती उलगडलेली नाहीत. १९४१ साली मनोविकारतज्ज्ञ ईवन कॅमेरॉन यांनी रात्री गोंधळणाऱ्या वृद्ध रुग्णांना भर दिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवले, तर तासाभरात तोच गोंधळ सुरू झाला. म्हणजे दोष केवळ थकव्याचा नव्हता. काळोखात खोलीच्या खुणा हरवतात, आणि ज्याची स्मृती खोलीचा नकाशा धरून ठेवू शकत नाही त्याला त्या खुणांचाच आधार असतो. चोरीच्या आरोपाचेही काहीसे असेच. पाकीट स्वतःच जपून ठेवलेले असते, ठेवल्याची आठवण पुसली जाते, आणि उरलेल्या रिकाम्या जागेत चोर येऊन बसतो.

म्हणून एखादे वर्तन अचानक बिघडले तर आधी कारण शोधावे. दुखणारा सांधा, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, न लावलेले श्रवणयंत्र यांपैकी काहीही रुग्णाला शब्दांत सांगता येत नाही, ते वागण्यातून बाहेर पडते. जोराच्या घोरण्यामागे स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार, असू शकतो. झोपेत हातपाय झाडून स्वप्न 'जगणारा' रुग्ण असेल तर लेवी बॉडी स्मृतिभ्रंश या वेगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचे औषध रात्री घेतल्याने झोप उडत असेल किंवा भडक स्वप्ने पडत असतील, तर डॉक्टर ती गोळी सकाळी घ्यायला सांगतात.

उपचारांत औषधे मागून येतात. सकाळचा भरपूर उजेड, दिवसा हालचाल, दुपारची झोप आटोपशीर, संध्याकाळ होण्याआधीच दिवे लावणे, हे आधी. नेदरलँड्समधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसभराच्या प्रखर प्रकाशाने थोडा फायदा दिसला, तर नुसत्या मेलाटोनिनने रुग्णांची मनःस्थिती खालावली. झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो. मनोविकारविरोधी औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. तरीही रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागला तर ती कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी द्यावी लागतात.

'घरी जायचंय' म्हणणाऱ्याला 'हेच तुमचं घर' असे पटवू गेले की वाद पेटतो. त्यापेक्षा 'घरी कोण कोण आहे?' असे विचारून चार पावले सोबत चालले, तर तो पुष्कळदा स्वतःच अंथरुणाकडे वळतो.