उगवतीची वाट लांब, तरी लवकर

नांदेडला आमच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता. मोबाइलवर विमानाचं चित्र सरकताना काकू बघत बसल्या होत्या. चीन मागं पडला, जपान आलं, तशा त्या म्हणाल्या, "सर, अमेरिका मावळतीला ना? मग उगवतीकडं कामून नेतेत?"

मी शाळेतला पृथ्वीगोल आणला. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्ये दोरा ताणून धरला, तर तो ना उगवतीला गेला ना मावळतीला, उत्तर ध्रुवाजवळून गेला! गोलावरचं सगळ्यांत कमी अंतर ते हेच, सुमारे १२,४०० किलोमीटर. दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणून जो आकडा सांगतात, तो या दोऱ्याचा. नांदेड ते अमृतसर दोरा जेमतेम १,४०० किलोमीटरचा भरतो. सचखंड एक्स्प्रेस मात्र आधी मावळतीला मनमाडपर्यंत जाऊन मग उत्तरेला वळते आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर धावते.

विमानाला रूळ नाहीत, पण वारा आहे. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या फरकामुळं वरची हवा ध्रुवाकडं ढकलली जाते आणि पृथ्वी फिरत असल्यानं वाटेत पूर्वेकडं वळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तेव्हा वारा ताशी २०० किलोमीटरच्याही पुढं जातो.

काकूंना मी गोदावरीचं सांगितलं. पैठणहून नांदेडकडं होडी सोडली तर धार ढकलते; उलट जायचं तर तेवढंच वल्हवून निम्मीही वाट सरत नाही. आपली गोदामायही पश्चिमेकडून पूर्वेकडंच वाहते, म्हणून हा दाखला मला फार जवळचा वाटतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानासाठी हेच केलं, वाऱ्याच्या धारेसोबत गेलं. अटलांटिकवरून जाणारी सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट सोडून विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, अगदी नांदेड-अमृतसरएवढी. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, जवळपास दोन तास आधी.

"मग जाताना वाचलेलं येताना फिटत असंल," काकू म्हणाल्या.

नाही, येताना त्याहून जास्त वेळ जातो. समजा वाट १०,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १५० किलोमीटरचा. वाऱ्यासोबत ९ तास ३१ मिनिटं लागतात, वाऱ्याविरुद्ध १३ तास २० मिनिटं. वारा नसता तर जाऊन-येऊन २२ तास १३ मिनिटं लागली असती. आता ३८ मिनिटं जास्त लागतात. उलटा वारा वेग कमी करतो, म्हणून त्या वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो.