चांदीचा रंग बदलून घेण्याआधी

हल्ली बरेचसे ग्राहक फोनमधला फोटो घेऊनच येतात. "अशी काळी करून द्या", "ही पिवळसर चांदी आहे का तुमच्याकडे", "जोडव्यांना गुलाबी झाक येईल का". हुपरीतल्या आमच्या कारखान्यात यातलं बरंचसं होतं. पण रंग धातूच्या पोटातला आहे की अंगावरचा, हे आधी कळलं तर ऑर्डर देणं सोपं जातं आणि वर्षभराने वाईट वाटत नाही.

आधी पोटातला रंग. ९२५ टंचाच्या एक किलो मालात ९२५ ग्रॅम चांदी असते. रंगासाठी काही करायचं तर उरलेल्या ७५ ग्रॅममध्ये. तिथे बहुतेक तांबंच घालतात, कारण नुसती शुद्ध चांदी मऊ. तिची कडी ओढ बसली की लांबते. एवढ्याशा तांब्याने रंग जवळजवळ बदलत नाही. ८०० टंचाला थोडी पिवळट झाक येते. ठळक तांबूस रंग हवा तर तांबं निम्म्याच्या पुढे न्यावं लागतं, आणि आपल्याकडे चांदीचा हॉलमार्क ८०० च्या खाली मिळत नाही. जपानमध्ये असा मिश्रधातू पूर्वापार वापरात आहे. त्याला शिबुइची म्हणतात, म्हणजे 'चौथा हिस्सा': एक भाग चांदी, तीन भाग तांबं. विशिष्ट द्रावणात उकळला की त्यावर सुंदर राखाडी रंग चढतो. पण तो चांदीच्या भावाने विकायचा धातू नाही. म्हणून कोणी '९२५ ची गुलाबी चांदी' दाखवली, तर वर मुलामा कशाचा आहे ते जरूर विचारा.

मुशीत जर्मेनियम नावाचं मूलद्रव्य थोडंसं घातलेली चांदीही मिळते. तिचा रंग वेगळा नसतो, ती काळी मात्र उशिरा पडते. रोज अंगावर राहणाऱ्या दागिन्याला आम्ही ती आवर्जून सुचवतो.

आता अंगावरचे रंग. आधी काळा, कारण सर्वात जास्त मागणी त्यालाच आहे. बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात, पण हा प्राणवायूचा नाही, गंधकाचा खेळ आहे. घरात ठेवलेली चांदी हवेतल्या गंधकाने वर्षभरात जशी काळवंडते, तेच आम्ही दोन मिनिटांत, ठरवून करतो. गंधक आणि पोटॅश एकत्र तापवून केलेले खडे गरम पाण्यात विरघळवायचे, पाणी फिकट पिवळं ठेवायचं. दागिना तारेला बांधून बुडवायचा आणि लगेच काढायचा. पहिल्या बुडीला गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, निळा, आणि शेवटी करडा-काळा. हे सगळे रंग एकाच थराचे; थर जाड होत जातो तसा उजेड त्यावरून वेगळा परततो. हवा तो रंग दिसला की दागिना गार पाण्यात. पाणी कडक करून एकदाच बुडवलं तर काम पटकन उरकतं, पण तो जाड थर पापुद्र्यासारखा सुटतो. फिकट पाणी आणि आठ-दहा बुड्या, हीच आमची पद्धत. त्यानंतर रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासून उंचवटे उजळतो. नक्षीच्या खोबणीत काळं राहतं आणि पायातल्या मासोळीचा एकेक खवला उठून दिसतो.

निळा-जांभळा रंग फोटोत मोहक दिसतो, पण तो थर इतका पातळ असतो की वर लाखेचा हात नसेल तर घामाने, घासण्याने जातो. अंगठीत आम्ही तो देत नाही, कानातल्यांत देतो.

मोती, पोवळं, फिरोजा बसवण्याच्या आधीच काळं करून घ्यावं लागतं. सुरुवातीच्या काळात आम्ही एका तोड्याला मोती बसवल्यावर हे गंधकाचं पाणी दिलं आणि मोत्यांची चमक कायमची गेली. पदरचे मोती बदलून दिले. तेव्हापासून जुन्या दागिन्यातले खडे आधी काढतो. त्याची मजुरी वेगळी पडते, ती यासाठी. हे काम घरी करून पाहू नका. त्या पाण्यात चुकून लिंबू किंवा आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो.

पिवळा रंग म्हणजे सोन्याचं पाणी. तिथे एकच प्रश्न विचारायचा: किती मायक्रॉन? मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. अमेरिकेत चांदीवर सोनं चढवून 'व्हर्मेय' म्हणून विकायचं तर थर किमान अडीच मायक्रॉनचा लागतो. थर फार पातळ असेल तर खालची चांदी हळूहळू वर झिरपते आणि सोन्यावरच काळपटपणा येतो. जास्त पांढरं, आरशासारखं हवं असेल तर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा. ते गंधकाला दाद देत नाही, पण रोजच्या अंगठीच्या खालच्या बाजूने आधी झिजतं.

घरच्या सांभाळाबद्दल थोडं. चिंचेने तांब्याचं भांडं लखलखतं, कारण तिथे तांब्याचा गंज सुटतो. चांदीवरचा काळेपणा गंधकाचा, तो चिंचेने विरघळत नाही. जोर लावून घासताना निघतो तो चांदीसकट. अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय साध्या चांदीला उत्तम आहे. मात्र मुद्दाम काळा केलेला दागिना त्यात टाकू नका. एक ताई लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा सेट त्यात बुडवून पांढराफटक करून आल्या होत्या. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही तो पुन्हा काळा केला. पैंजणांच्या जोडीला रबर बँडही लावू नका. रबरात गंधक असतो, आणि बँड असेल तेवढीच काळी रेघ उमटते. सुती कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत ठेवा.

'ऑक्सिडाइज्ड' हे रंगाचं नाव आहे, धातूचं नाही. त्या नावाखाली पितळ आणि जर्मन सिल्व्हरही विकलं जातं, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने काहींच्या कानाला खाज येते. आमच्याकडे काळी केलेली चांदी मोडीला आणलीत तर रंगापायी घट धरत नाही, टंच तपासूनच भाव देतो.

काउंटरवर रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. पट्टी हातात घ्या, दुकानाच्या दिव्याखाली नको, दारात उन्हात नेऊन बघा, आणि ज्या साडीवर घालायचंय तिचा काठ बरोबर आणा.