18 टक्के, पण कोणाचे?

2015 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जाहीर केलं की प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, आता कॅन्सरकारक पदार्थांच्या गट 1 मध्ये आहे, आणि लगेच जगभर एकच ओरड सुरू झाली की बेकन सिगारेटइतकंच घातक. तो फॉरवर्ड अजूनही अधूनमधून नव्याने उगवतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गट 1 चा अर्थ एवढाच की यामुळे कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे. किती होतो हे तो गट सांगतच नाही. तंबाखू त्याच गटात आहे, दारू आहे, आणि ऊनसुद्धा आहे.

किती होतो याचा आकडा वेगळा होता. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. हे 18 टक्के म्हणजे 100 माणसांतली 18 माणसं नव्हेत, मुळात जो काही धोका आहे त्याच्या 18 टक्के. समजा एखाद्या समाजात 100 पैकी 5 जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, तर त्या 5 चे 5.9 होतील. दुसऱ्या समाजात मुळात 100 पैकी एकालाच होत असेल तर 1 चे 1.18. टक्केवारी तीच, पण पहिल्या ठिकाणी 1000 माणसांमागे 9 पेशंट जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम 2. बातमीत मूळ धोका दिलेलाच नसेल तर वाचणाऱ्याने समजायचं काय, कपाळ?

पण मला खरं बोलायचंय ते हे 18 आले कुठून त्याबद्दल. ते एका संशोधनातून आलेले नाहीत, 10 अभ्यास एकत्र करून काढलेत. याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि ज्या मोठ्या कामाचा तो भाग असतो त्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. आधी प्रश्न ठरवायचा, कुठले अभ्यास घेणार आणि कुठले नाही याचे नियम आधीच लिहून ठेवायचे (नंतर सोयीचे अभ्यास वेचायला नकोत म्हणून), मग सगळे डेटाबेस पालथे घालायचे आणि जे सापडेल ते पारखायचं. खूप कंटाळवाणं काम आहे, आणि मला ते भयंकर आवडतं.

कोक्रेन नावाची संस्था 1993 पासून हेच करते. तिच्या लोगोत काही आडव्या रेघा, मध्ये एक उभी रेष आणि खाली एक छोटा चौकोन आहे. हे डिझाइन म्हणून काढलेलं नाही, तो खरा ग्राफ आहे. वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बाईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळ वाचतं का, यावरच्या 7 चाचण्या. एक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ लांब म्हणजे उत्तर मोघम, आखूड म्हणजे नेमकं. उभी रेष म्हणजे काही फरक नाही. बहुतेक आडव्या रेघा उभ्या रेषेला छेदून जातात, म्हणजे सुट्या पाहिल्या तर कुठलाही डॉक्टर म्हणेल की नक्की सांगता येत नाही बुवा. पण सगळ्या मिळून जो खालचा चौकोन येतो तो उभ्या रेषेपासून स्पष्ट बाजूला आहे. बाळ दगावण्याची शक्यता 30 ते 50 टक्क्यांनी कमी होते. पहिली चाचणी 1972 ची, आणि अशी मोजणी करणारा रिव्ह्यू यायला 1989 उजाडलं. मधल्या काळात किती बाळं हकनाक गेली असतील!

आता हे मिळवतात कसं ते बघू, कारण इथेच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की 7 उत्तरं घेतली, बेरीज केली, 7 ने भागलं. तसं नाही. प्रत्येक चाचणीला वजन असतं, आणि रेघ जितकी आखूड तितकं वजन जास्त, तेही लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. रेघ निम्मी तर वजन चौपट. आणि रेघेची लांबी किती माणसं घेतली यापेक्षा किती घटना घडल्या यावर ठरते. समजा 10,000 माणसांची चाचणी आहे आणि त्यात मृत्यू झाले फक्त 3, एका गटात 1 आणि दुसऱ्यात 2. यातली अनिश्चितता (म्हणजे रेघेच्या लांबीच्या वर्गाचं माप) साधारण 1/1 अधिक 1/2, म्हणजे 1.5. दुसरी चाचणी 500 माणसांचीच, पण मृत्यू 100, एकीकडे 40 आणि दुसरीकडे 60. हिची अनिश्चितता 1/40 अधिक 1/60, म्हणजे 0.04. वजन म्हणजे याच्या उलटं, तेव्हा 500 वाली चाचणी 10,000 वालीपेक्षा 40 पटीच्या आसपास वजनदार! म्हणून "लाखभर लोकांवर केलेला अभ्यास" असं वाचलं की लगेच भारावून जायचं कारण नाही, आधी विचारायचं की त्यात घडलं किती.

इथपर्यंत सगळं गोड. पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की सगळ्या चाचण्या एकच खरा आकडा शोधतायत आणि फरक दिसतो तो निव्वळ योगायोगाचा. माणसं वेगळी, दवाखाने वेगळे, देश वेगळे असतील तर?

याचं उत्तर त्या लोगोवाल्या इंजेक्शननेच दिलं. आधीच्या चाचण्या बहुतांश श्रीमंत देशांतल्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या. तेव्हा हेच गरीब भागात खालच्या पातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत नेलं तर हजारो बाळं वाचतील असा सरळ हिशेब होता. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, अर्जेंटिना आणि ग्वाटेमाला अशा 6 देशांत लाखभर बाळंतपणांवर ते करून पाहिलं, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग दिलं, आणि 2015 साली निकाल आला तो सगळ्यांना हादरवणारा. सगळ्यात कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट एकूण नवजात मृत्यू 1000 मागे 3.5 ने वाढले, आयांमध्ये इन्फेक्शनचा संशयही जास्त दिसला. औषध तेच आणि डोसही ठरलेलाच, पण कितवा आठवडा चालू आहे हे सोनोग्राफीशिवाय नीट कळत नाही, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा कितीतरी जणींना ते गेलं, आणि पुढे बाळाची काळजी घ्यायला लागणाऱ्या सोयीही सगळीकडे सारख्या नव्हत्या. मग जागतिक आरोग्य संघटनेने 5 देशांतल्या 29 हॉस्पिटलांत पुन्हा चाचणी घेतली, या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के करून. 2020 मध्ये निकाल आला. औषध मिळालेल्या गटात 19.6 टक्के नवजात बाळं दगावली, न मिळालेल्या गटात 23.5 टक्के. म्हणजे औषध गरीब देशांतही काम करतं, पण आजूबाजूची व्यवस्था असेल तरच.

असे फरक हिशेबात धरायला रॅन्डम इफेक्ट्स नावाची पद्धत आहे. तिच्यात चाचण्याचाचण्यांमधल्या खऱ्या फरकाचा एक आकडा काढतात (चिन्ह टाऊचा वर्ग) आणि तो प्रत्येकीच्या अनिश्चिततेत मिळवतात. मघाच्या दोन चाचण्यांत तो 0.5 धरला तर 1.5 चे 2 होतात आणि 0.04 चे 0.54, म्हणजे 40 पटीचा फरक चार पटीवर येतो. वजनदार चाचणीची दादागिरी कमी होते, पण खालचा चौकोन रुंदावतो, आणि त्याचा अर्थही बदलतो. तो आता एका खऱ्या परिणामाचा अंदाज उरत नाही, वेगवेगळ्या खऱ्या परिणामांची सरासरी होतो, आणि पुढच्या नव्या ठिकाणी काय होईल हे सांगायला आणखी रुंद पट्टा लागतो. डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

बाकी आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचं जे वादळ उठलं होतं त्यात मेटा-अ‍ॅनालिसिसही नाचवले जात होते. त्यातला भरघोस फायदा दाखवणारा एक अभ्यास डेटात गडबड निघाल्यामुळे जुलै 2021 मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याच्या जिवावर उभ्या असलेल्या एका रिव्ह्यूतला फायदा पुन्हा हिशेब केल्यावर विरघळला. तरी "विज्ञानाने सिद्ध झालंय" म्हणणारे आपले ठाम. काढे, धुऱ्या आणि मंतरलेलं पाणी विकणारेही हल्ली हेच वाक्य म्हणतात, त्यांच्याकडे तर बिघडलेलासुद्धा अभ्यास नसतो.

आता आरोग्यशिक्षण. इथे सगळ्यांना वाटतं की माहिती दिल्याने नुकसान काय होणार. अनेक वर्षं पालकांना तान्ह्या बाळाला पालथं झोपवा असं शिकवलं जात होतं, डॉक्टरच शिकवत होते. 2005 साली एका रिव्ह्यूने जुने अभ्यास क्रमाने रचून दाखवलं की पालथं झोपवण्यातला धोका (बाळ झोपेतच अचानक दगावण्याचा) 1970 पर्यंतच्या पुराव्यातच दिसत होता. वेळीच आढावा घेतला असता तर ब्रिटनमध्ये 10,000 हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे धरून किमान 50,000 बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

दुसरं उदाहरण शांघायच्या कापड गिरण्यांचं. तिथल्या 2,66,064 बायकांपैकी साधारण निम्म्यांना स्तनांची स्वतः तपासणी कशी करायची हे नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. 10 एक वर्षांनी मोजलं तर शिकवलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरने 135 मृत्यू आणि न शिकवलेल्या गटात 131. फरक शून्य. उलट साध्या निरुपद्रवी गाठींसाठी झालेल्या बायोप्सी जवळजवळ दुप्पट. रशियातली अशीच चाचणी जोडून कोक्रेनने 2003 मध्ये रिव्ह्यू केला, निष्कर्ष तोच. (गाठ लागली तर गप्प बसायचं असा याचा अर्थ अजिबात नाही, डॉक्टरकडे जायचंच. ठराविक पद्धतीने दर महिन्याला तपासायला शिकवण्याने मृत्यू कमी झाले नाहीत, एवढाच मुद्दा आहे.)

आणि हात धुवायला शिकवण्याचे कार्यक्रम मात्र चालतात, जुलाबाचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत शिकवण्याबरोबर साबणही फुकट दिलेला होता, मग श्रेय कोणाला द्यायचं? गोळी कुठेही तेवढ्याच मिलिग्रॅमची, शिकवणं तसं नसतं. कोणी शिकवलं, किती वेळा, ऐकणाऱ्याकडे पाणी होतं का, हे सगळं रिव्ह्यूच्या शेवटी त्या लांबलचक तक्त्यात असतं, एकेका अभ्यासाचा देश, वय, जागा, काय दिलं, किती दिवस पाहिलं. बातमीत तो तक्ता कधीच येत नाही, मी हल्ली रिव्ह्यू उघडला की वाचायला तिथूनच सुरुवात करतो.