पाणी कमी झालं की पाहुणे कमी झाले?

जून संपला की पन्हाळ्यावरच्या रिसॉर्टचा मालक खुशीत सांगतो, "मे महिन्यापेक्षा पाणी निम्म्यावर आणलं." पाणी घटलं हे खरं, पण वापर सुधारला का, हा प्रश्न वेगळा. इथेच एकूण वापर आणि दर मुक्कामी वापर यांची गल्लत होते.

एकूण वापर म्हणजे नळ, बोअर, टँकर सगळं धरून महिन्यात गेलेलं पाणी. त्याला मुक्कामांनी भागलं की दर मुक्कामी वापर मिळतो. दोघं तीन रात्री राहिले तर सहा मुक्काम. रविवारी नुसता तांबडा-पांढरा ओरपून कोल्हापूरला परतणारी मंडळी यात येत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा, नाहीतर स्वयंपाकघराचं पाणी मुक्कामी पाहुण्यांच्या माथी बसतं.

सोयीचे आकडे घेऊ. मे महिन्यात ९०० मुक्काम, २७० युनिट. एक युनिट १००० लिटरचं, म्हणजे दर मुक्कामी ३०० लिटर. जूनमध्ये ३०० मुक्काम, १५० युनिट, म्हणजे ५०० लिटर! बिल उतरलं ते गर्दी ओसरली म्हणून.

आता वजाबाकी करा. ६०० मुक्काम घटले, १,२०,००० लिटर वाचले. म्हणजे एका मुक्कामाला साधारण २०० लिटर लागतात. त्या हिशेबाने दोन्ही महिन्यांत ९०,००० लिटर, दिवसाला ३,०००, पाहुणे असोत-नसोत गेलेच. मे महिन्यात ते हिरवळीने प्यायले म्हणता येईल, पण पन्हाळ्याच्या पावसात हिरवळीला पाणी कोण घालतं? माझा पहिला संशय गळतीवर.

पाहुण्यांना बादलीने अंघोळ करायला सांगण्याआधी हे शोधा, असं मी कळकळीने सांगेन. टाकीतून खोल्यांकडे जाणाऱ्या पाइपवर मीटर बसवा. रात्री दोनला सगळे झोपलेले असताना बॅटरी घेऊन त्याच्याजवळ जा. काचेखालची बारीक चांदणी फिरत असेल तर कुठेतरी पाणी चाललंय. मग सकाळी रिकाम्या खोल्यांच्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका. अर्ध्या तासात, फ्लश न करता, भांड्यात पिवळं उतरलं की त्या टाकीचा वॉशर गेलाय.

विहिरीला मात्र मुक्काम कळत नाहीत. उन्हाळ्यात तळ दिसू लागला की एकूण आकडाच बघायचा, दर मुक्कामी वापर कितीही चांगला असो.